सगळे बाहेर

मामा त्या दिवशी कानातली यंत्रं आणायला गेला होता. काम एवढंच. परिषदेच्या इमारतीत तळमजल्याला सहल कंपनीची एक चिंचोळी खोली होती. तिथे पत्र्याच्या खोक्यात ती यंत्रं चार्जिंगला लावलेली असायची. खोकं उचलायचं, एकेक यंत्र कानाला लावून तपासायचं आणि संध्याकाळी पाहुण्यांना वाटायचं.

तुम्ही दोघांनी उद्याच्या सहलीला नावं दिलीत, असं मघाशी कानावर आलं, म्हणून सांगतोय. परिषदेची बातमी करायला जाताय, जा. ते तुमचं काम आहे. पण संध्याकाळची ती जुन्या बंदराची फेरी, पाहुण्यांबरोबर पत्रकारांनाही फुकट... ती वर्षभर बंद होती. आता दुसऱ्या कंपनीनं घेतली आहे. बंद का पडली, ते तुम्हाला कोणी सांगितलं नसणार. आपल्याच पेपरात आलं नाही, तर बाहेरचा कोण सांगणार?

शेवटचं पान गेलंय. छपाईला वेळ आहे. दार लोटून घे रे. आणि तू हसू नकोस. हसायचं असेल तर शेवटी हस.

हे माझ्यावर बेतलेलं नाही. मामावर बेतलं. मामा म्हणजे माझा जुना मित्र, जुन्या शहराचा गाइड. त्याची भाची त्याला मामा म्हणायची, ते ऐकून सगळं बंदर त्याला मामा म्हणायला लागलं. त्याच्याहून मोठे हमालसुद्धा.

आधी त्या यंत्रांचं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाइडला ओरडावं लागू नये म्हणून ही सोय. त्याच्या कॉलरला माइक, पाहुण्यांच्या कानात बोटभर यंत्र. तो इकडे कुजबुजला, तरी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. जो बोलतो, त्याच्या कानात मात्र यंत्र नसतं. ठेवलं तर शिट्टी वाजते. म्हणजे पाहुण्यांच्या कानात काय चाललंय, ते बोलणाऱ्याला कळत नाही. त्यानं फक्त चेहरे बघायचे.

गाइड सगळ्यांच्या पुढे आणि सगळ्यांच्या मागे आणखी एक माणूस. त्याला धंद्यात शेपूट म्हणतात. रेंगाळणाऱ्यांना हाकायचं, कुणी मागे राहिला नाही ना ते बघायचं, हे शेपटाचं काम. त्याच्याकडेही माइक असतो. शेवटचा पाहुणा दाराबाहेर पडला की शेपटानं माइकवर म्हणायचं, "सगळे बाहेर." मग दारावरचा माणूस दार लावतो.

मामाची शेपूट त्याची भाचीच होती. तरतरीत पोरगी, तोंडाची फटकळ. म्हणायची, "मामा, तोंड तू आणि शेपूट मी. मधलं जनावर तेवढं रोज वेगळं." मामानंच तिला तिथे चिकटवलं होतं. तिच्या आईला, म्हणजे आपल्या ताईला, त्यानं सांगितलं होतं, "माझ्या डोळ्यासमोर राहील गं, काळजी कसली?"

आणि कंपनीचा मालक. त्याच्याबद्दल मी चांगलं बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. डॉक्टरांची परिषद, इंजिनिअरांची परिषद, कुठलीही असो. आयोजकांच्या मागेपुढे करून सहलींचं कंत्राट मिळवायचं, पाहुण्यांना जुनी चर्चं, जकात कचेरी, गोदामं दाखवायची आणि रात्री मोठ्या हॉटेलात सोडायचं. भिंती परक्या व्यापाऱ्यांच्या, घाम आपल्या लोकांचा, कमाई याची. फेरी चालू असताना हा कानात यंत्र घालून मागून फिरायचा, मामा जास्तीचं काही बोलत नाही ना ते ऐकायला. गोदामं कुणाच्या पाठीवर उभी राहिली, असलं काही मामाच्या तोंडून निघालं की दुसऱ्या दिवशी याच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या.

फेरीचं शेवटचं ठिकाण म्हणजे पाण्याचं कोठार. उद्या बघालच... किंवा नाही बघणार. अंगणातून दगडी पायऱ्या खाली उतरतात, खाली जाड लोखंडी दार, आत खांबांची लांबलचक अंधारी खोली. पलीकडच्या टोकाला समुद्राकडे गजांची जाळी. पूर्वी पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, तिथपर्यंत यायचे आणि पिंपं थेट आत उतरायची. भिंतीलगत पिंपांसाठी दगडी ओटा आहे. एरवी पाणी जाळीबाहेर असतं. पौर्णिमेच्या उधाणाला आत शिरतं आणि ओट्यावर उभ्या माणसाच्याही डोक्यावरून जातं. फोन तिथे चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी याच परिषदेच्या वेळी पौर्णिमेचं उधाण होतं. फेरी संपली. पाहुणे दारातून बाहेर पडत होते. पोरगी म्हणाली, "सगळे बाहेर." दारावरच्या चावीवाल्या काकांनी ते ऐकून कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि दार ओढायला लागले. ते दार जड. ओढता ओढता वेळ जायचा आणि तेवढ्यात ती निसटून बाहेर यायची. रोजची सवय. चूक होती, पण रोज होणारी चूक कुणाला चूक वाटत नाही. त्या दिवशी ती आली नाही. काकांना वाटलं, गर्दीत पुढे गेली असेल. मालकानंच नियम केला होता, आवाज आला की लावायचं, आत बघत बसायचं नाही, पाहुण्यांना उशीर होतो. काकांनी दिवा मालवला, कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि शेवटची बस पकडायला धावले. पाहुण्यांची यंत्रं गोळा करून मामा गाडीबरोबर गेला. शेपूट नेहमी परस्पर घरी जायची, त्यामुळे तिला कुणी शोधलंच नाही.

रात्री ताईचा फोन आला. पोरगी घरी आली नाही. मामानं लगेच मालकाला फोन लावला. मालक हॉटेलात आयोजकांबरोबर जेवत होता, पुढच्या वर्षांचं कंत्राट पक्कं करत होता. म्हणाला, "अहो, मी तिला फाटकातून जाताना बघितलं. असेल मैत्रिणीकडे."

मामा रात्रभर मैत्रिणींची घरं शोधत फिरला.

दार दुसऱ्या दिवशी उघडलं.

मालकानं हात झटकले. अंधार होता, फाटकातून गेली ती दुसरीच कोणीतरी असेल, मुलगी न सांगता परत आत गेली, तिचा निष्काळजीपणा, कंपनीला अतीव दुःख. आपल्या पेपरात चार ओळी आल्या. दुर्दैवी अपघात! त्याच पानावर अर्धं पान परिषदेचा फोटो, हार घातलेले पाहुणे, शेजारी दात काढून उभा मालक. मी मोठी बातमी लिहून दिली होती. संपादक म्हणाले, जाहिरातदार आहेत. मी म्हटलं, मग मथळाही त्यांनाच लिहू द्या. जाऊ दे. तो राग अजून उतरलेला नाही, आज उतरवत बसत नाही.

काकांनी वर्षभर कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. पोरीला आपण मारलं, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. आणि ताईनं मामाला दाराबाहेरच थांबवलं. म्हणाली, "माझी पोरगी वेंधळी नव्हती. तू तिला तिथे नेलीस. तिथे काय झालं ते कळल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस."

म्हणून मामानं नोकरी सोडली नाही. लोक म्हणायचे, निर्लज्ज आहे, भाची जिथे गेली तिथेच गोष्टी सांगत फिरतो. तो रोज त्या पायऱ्या उतरायचा, रोज काकांना खोदून विचारायचा. ताईच्या दारात उभं राहून सांगता येईल असं काहीतरी त्याला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

वर्ष गेलं. परिषद पुन्हा आली. नोव्हेंबरमधला दुसरा शुक्रवार. मघाशी म्हटलं ना, मामा खोकं आणायला गेला होता. खोलीत मालक बसला होता.

"मामा, आज कोठारात ती गोष्ट सांगायची."

"कुठली?"

"कुठली काय? बुडालेल्या मुलीची. रात्री हाका ऐकू येतात वगैरे. वायरलेसवाले इंजिनिअर आहेत, दिवसभर आकडे बघून विटलेले असतात. जरा अंगावर काटा आला की खूश होतील."

मामा म्हणाला, "सर, ती माझी भाची होती."

"म्हणून तर! तुमच्या तोंडून खरी वाटेल."

...हो. असंच म्हणाला. मी मामाला तीनदा विचारलं, शब्दशः असंच का. असंच.

मामा म्हणाला, "मी नाही सांगणार."

"मग माइक इकडे द्या. मी सांगतो. तुम्ही आज शेपूट."

रात्री आठ वाजता ते कोठारात उतरले. समुद्राला जोर नव्हता. पौर्णिमा होऊन बरेच दिवस झाले होते, पाणी जाळीच्या बाहेर, खाली, गपगार. फरशी कोरडी. पाहुणे अर्धवर्तुळात उभे राहिले. मालकाच्या कॉलरला माइक. मामा सगळ्यांच्या मागे, कानात यंत्र, स्वतःचा माइक बंद. काका नेहमीप्रमाणे बाहेर दाराशी. त्यांच्याही कानात यंत्र.

मालक पाहुण्यांच्या भाषेत रंगवून सांगायला लागला. एक सुंदर मुलगी होती, तिचं एका खलाशावर प्रेम होतं, त्याला भेटायला ती इथे चोरून यायची...

मामानं मुठी आवळल्या.

आणि मालकाच्या आवाजामागून त्याला श्वास ऐकू आला. माइकच्या फार जवळ तोंड नेलं की येतो तसा.

मग आवाज. आपल्या भाषेत.

"मामा, जरा हळू चल. मागचे दोघं अजून फोटो काढतायत."

मामानं कानातलं यंत्र बोटानं दाबून धरलं. हे वाक्य ती रोज म्हणायची. रोज.

मालक बोलतच होता. त्याच्या कानात यंत्र नव्हतं ना. त्याला फक्त चेहरे दिसत होते. पाहुणे चुळबुळ करायला लागलेले, एकमेकांकडे बघायला लागलेले. गोष्ट चांगली चढतेय असं वाटून त्यानं आवाज आणखी खाली आणला.

"चला, चला... हं. सगळे बाहेर."

मग पुन्हा तीच. थोडी धापा टाकत.

"अगं बाई, एक यंत्र पडलंय तिकडे. सर माझ्या नावानं शंख करतील. काका, थांबा हं, आलेच."

पावलं. लांब जाणारी.

आणि दार लागल्याचा आवाज. धाडकन.

सगळ्या पाहुण्यांनी एकदम मागे वळून बघितलं. दार उघडं होतं.

पाहुण्यांत एक वयस्क बाई होत्या, जन्मभर वायरलेसमध्ये काम केलेल्या. त्यांनी शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. म्हणाल्या, "माफ करा, तुमच्या चॅनलवर दुसरं कोणीतरी बोलतंय."

मालक हसला. "कोण?"

"एक मुलगी. भाषा आम्हाला कळत नाही." त्यांनी पर्समधून हातात मावेल असं एक मापयंत्र काढलं आणि खोलीभर फिरवलं. धंद्याची सवय. मग समुद्राकडच्या टोकाकडे बोट दाखवलं. "बाहेरून नाही येत. इथूनच येतंय. त्या जाळीपासून."

मालकाचं हसू मावळलं. त्यानं मामाकडे बघितलं. त्याच्या डोक्यात एकच आलं. मामानं तिथे काहीतरी लपवून ठेवलंय, पाहुण्यांसमोर आपली शोभा करायला.

"मामा, हा तुमचा खेळ आहे."

मामानं नुसती नकारार्थी मान हलवली.

"सगळ्यांना वर घेऊन जा. मी शोधतो ते डबडं. आणि उद्या तुम्हाला पोलिसांत देतो."

टॉर्च घेऊन तो आत, खांबांमागे गेला. माइक त्याच्या कॉलरला तसाच. चालू.

मामानं पाहुण्यांना दाराबाहेर काढलं. कोणी पायऱ्यांवर उभे, कोणी वर अंगणात. यंत्र कुणीच काढलं नाही. तुम्ही काढलं असतं? नाही ना.

काका दाराला हात लावून उभे होते. चेहरा पांढराफटक. त्यांनीही सगळं ऐकलं होतं. आणि त्यांना भाषा कळत होती.

कानात पुन्हा श्वास.

"सर...? सर, तुम्ही कुलूप ओढून बघताय ना? दाराखालच्या फटीतून तुमचे बूट दिसतायत."

कुलूप खडखडलं, मग थांबलं.

"सर, मी आत राहिले. काकांना हाक मारा ना."

मग एक पुरुषाचा आवाज. लोखंडाच्या पलीकडून आल्यासारखा दबलेला. मालकाचा.

"काका गेले. चावी त्यांच्याकडे आहे."

आणि त्याच वेळी आतून टॉर्च आपटल्याचा, खोकी सरकवल्याचा आवाज. खरा मालक आत शोधत होता, शिव्या देत होता. त्याचाच आवाज दोनदा. एक आत्ताचा. एक...

"त्यांना फोन करा, सर."

"आता ते परत येईपर्यंत तास जाईल. पाहुणे जेवायला खोळंबलेत. सकाळपर्यंत कळ काढ."

"सर, आज पौर्णिमा आहे."

...

"सर, पाणी आत येतंय. ऐका ना. आवाज येतोय."

"ओट्यावर चढून बस. घाबरट आहेस नुसती."

बूट. दगडी पायऱ्यांवर. वर जाणारे. एकेक पायरी.

"सर?"

...

"सर?"

मामा मला म्हणाला, त्यानंतर जे ऐकलं ते मी तुला सांगणार नाही. मीही विचारलं नाही. पाहुण्यांपैकी कुणाला एक शब्द कळला नव्हता, पण दोघंतिघं रडत होते.

मग सगळं थांबलं. कानात नुसती पोकळी.

काका हळूच म्हणाले, "मालक मला म्हणाला होता... तू न बघता लावलंस. तुझ्यामुळे गेली. वर्षभर मला म्हणत होता."

मामानं त्यांच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला.

तेवढ्यात कानात. स्पष्ट. शांत. रोजच्यासारखं.

"सगळे बाहेर."

काकांनी दार ओढलं.

"काका!" मामा ओरडला.

"आवाज आला की लावायचं." त्यांनी चावी फिरवली. "त्याचाच नियम आहे."

आतून आधी शिवी आली. सगळ्यांच्या कानात. "काका! अक्कल आहे का? मी आत आहे!"

मग दारावर थापा.

मग थापा थांबल्या.

"हे... हे पाणी कुठून आलं?"

मामानं खाली बघितलं. दाराखालची फट कोरडी. पायऱ्या कोरड्या. समुद्र गप्प.

"मामा! अहो, गुडघ्यापर्यंत आलंय! मामा, उघडा!"

त्या इंजिनिअर बाई पायऱ्या उतरून आल्या, मामाच्या दंडाला धरून हलवायला लागल्या. तो माणूस घाबरलाय, दार उघडा. त्यांना भाषेची गरजच नव्हती.

काकांनी कुलपातली चावी काढली आणि मामाच्या हातात ठेवली. "तुझी भाची. तू ठरव."

मामा चावी धरून उभा राहिला.

"मी ओट्यावर आहे... छातीला लागलं... मामा, तुमच्या पाया पडतो..."

"ओठांवर आलं होतं रे," मामा मला म्हणाला. "सकाळपर्यंत कळ काढ. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो असतो, तर त्यानं ऐकलं असतं. आणि मला फार बरं वाटलं असतं."

मग?

मग काय. त्या दिवशी मामा शेपूट होता. शेपटानं कुणाला आत ठेवून जायचं नसतं.

त्यानं चावी लावली. फिरेना. दोन्ही हातांनी जोर दिला. कानात मालकाचे शब्द संपले होते. आता नुसता घोट घेतल्यासारखा आवाज. गुळगुळ... आणि थांबला.

चावी फिरली.

दार उघडलं. टॉर्च फरशीवर पडलेली, पेटलेली. फरशी धुळीनं माखलेली. कोरडी. मालक ओट्यावर. टाचा उचलून, चवड्यांवर उभा, पाठ भिंतीला टेकलेली. हनुवटी वर. वर... छताकडे. ओठ घट्ट मिटलेले, नाकानं फसफस श्वास घेत होता. कपड्यांची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

"सर, खाली या," मामा म्हणाला.

त्यानं नजर खाली वळवली नाही. हनुवटी इंचभर खाली आणली नाही.

चौघांनी उचलून बाहेर काढला, तेव्हाही मान तशीच वर.

पोलिसांनी पाहुण्यांचे जबाब घेतले. न कळणाऱ्या भाषेत काही आवाज ऐकले, असं सगळ्यांनी सांगितलं. त्याचं काय करणार? काकांनी सांगितलं, मी ऐकलं आणि मी लावलं. सरळ कबूल केलं, तरी त्यांचं कुणी ऐकलंच नाही. उतारवयात भास होतात म्हणून लिहून मोकळे झाले. मालक काहीच बोलला नाही. तोंड उघडायला तयारच नव्हता. अजूनही नाही. नळीनं भरवतात.

आता तुम्ही विचाराल, मग बातमी? बातमी नाही. पुरावा नाही. माझ्याकडे आहे तो मामा, आणि मामा खोटं बोलत नाही.

त्या रात्री मामा थेट ताईच्या दारात गेला. तिनं कडी काढली, पण उंबऱ्यात आडवी उभी राहिली. त्यानं तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. यंत्र उचलायला मागे गेली ते. हाक मारली ते. बूट दिसत होते ते. काय उत्तर मिळालं ते.

ताई ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "त्याला काय म्हणत होती?"

"सर," मामा म्हणाला. "शेवटपर्यंत सरच म्हणत होती."

ताई बाजूला झाली. मामा आत गेला.

पुढचं मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून सांगतो. थोड्या दिवसांनी ताई मला म्हणाली, "दादा, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला कुठेही सोडतात. मला त्याला बघायचंय." मी तिला हॉस्पिटलात घेऊन गेलो. मामा बाहेर थांबला, त्याला नको होतं.

तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. पलंगाशेजारी उभा. चवड्यांवर. हनुवटी वर. बसवला की पुन्हा उभा राहतो, नर्स म्हणाली, झोपतो तोही भिंतीला टेकून. डोळे छताला. आम्ही आलेलं त्याला कळलं असावं, कारण श्वास जोरात व्हायला लागला.

ताई अगदी जवळ गेली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

खालच्या ओठाच्या जरा खाली, या गालापासून त्या गालापर्यंत, मानेच्या मागे जाऊन पुन्हा पुढे आलेली, एक पांढरी रेघ होती. खडूनं ओढावी तशी सरळ.

"हे काय?" ताईनं विचारलं.

"मीठ," नर्स म्हणाली. "कुठून येतं कळत नाही. घाम म्हणावा तर तिथेच कसा? सकाळी पुसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच."

ताईनं पदर खांद्यावरून पुढे घेतला. आवाज अजिबात चढवला नाही.

"पुसू नका," म्हणाली.

नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी ताईला घेऊन निघालो.

मला वाटतं, त्या दिवसापासून नर्सनं पुसणं सोडलं. तिनं तसं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. महिन्यातून एकदा मी जाऊन येतो. बातमीसाठी नाही. काल गेलो होतो.

रेघ ओठांच्या वर आली आहे. नाकाच्या अगदी खाली.